तो अर्धा गुण द्या: प्रश्नमंजूषा समितीला खुले पत्र

प्रति,
प्रश्नमंजूषा समिती,
महाराष्ट्र मंडळ, न्यू जर्सी

सप्रेम नमस्कार.

मंडळाचं पूर्ण नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि बाकीच्यांना हे आपलंच मंडळ वाटलं तरी बिघडत नाही.

गणपतीतल्या त्या रविवारी शाळेच्या सभागृहात मुलांची प्रश्नमंजूषा झाली, तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होते. लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेली आजी, मांडीवर उकडीच्या मोदकाचा द्रोण, आणि समोर मंचावर 'सिंहगड' नावाच्या संघात माझा बारा वर्षांचा नातू. विषय होता 'आपली अमेरिका'. सतरावा प्रश्न असा होता: गटात न बसणारं नाव ओळखा. हँक ग्रीनबर्ग, सँडी कूफॅक्स, रेड ऑरबॅक, सॅमी डेव्हिस ज्युनियर.

नातवाने घंटा वाजवली. म्हणाला, "सॅमी डेव्हिस. बाकीचे तिघं खेळातले, तो गाणारा आणि नाचणारा."

सूत्रसंचालकांनी हातातलं कार्ड उलटं केलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "उत्तर बरोबर, कारण चूक. बाकीचे तिघं ज्यू आहेत, सॅमी डेव्हिस कृष्णवर्णीय. अर्धा गुण." गुण लिहिणाऱ्या बाईंनी फळ्यावर उत्साहाने लिहिलेला १ बोटाने पुसला आणि त्या जागी ½ केला. टाळ्या झाल्या. अठरावा प्रश्न नायगारा धबधब्याचा होता.

निकाल त्याने बदलत नाही, हे आधीच सांगते. सिंहगड तिसरा आला, आणि दुसऱ्या संघापेक्षा पूर्ण चार गुणांनी मागे होता. तेव्हा हे पत्र चषकासाठी नाही. मला तो अर्धा गुण हवा आहे, कारण नातवाने दिलेलं कारण बरोबर होतं आणि कार्डावरचं चूक. सॅमी डेव्हिस ज्यू होता. त्याने तो धर्म अभ्यास करून, विचारपूर्वक घेतला होता, आणि १९६० साली 'एबोनी' या कृष्णवर्णीय वाचकांच्या मासिकात आपण ज्यू का झालो ते जगाला सांगितलंही होतं. म्हणजे तुमच्या यादीतले चौघंही ज्यू. 'ज्यू' आणि 'कृष्णवर्णीय' हे दोन डबे एकमेकांत बसत नाहीत असं तुमच्या कार्डाने गृहीत धरलं, आणि माझा आक्षेप त्या गृहीतकाला आहे.

आता थोडं सॅमीबद्दल. त्याचा जन्म १९२५ चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. शाळेत जायच्या वयात तो बाप आणि नाचपथकाचा चालक विल मास्टिन यांच्याबरोबर रंगमंचावर नाचत होता. लास व्हेगसमध्ये त्याचा खेळ बघायला गोरे लोक पैसे मोजून बसत, आणि खेळ संपला की त्याला त्याच हॉटेलात खोली मिळत नसे. गावाच्या पश्चिमेला काळ्यांच्या वस्तीत भाड्याच्या खोलीत जाऊन झोपायचं, अशी बरीच वर्षं गेली. नोव्हेंबर १९५४ मध्ये एका रात्री खेळ आटोपून तो गाडीने लॉस एंजेलिसला निघाला. सकाळी गाण्याचं रेकॉर्डिंग होतं. सॅन बर्नार्डिनोजवळ अपघात झाला, स्टीअरिंगच्या मधोमध असलेलं टोकदार बोंड डाव्या डोळ्यात घुसलं आणि डोळा गेला. वय अठ्ठावीस. नाचणाऱ्या माणसाला एक डोळा गेला म्हणजे अंतराचा अंदाज जातो, हे आपल्याला सहसा सुचत नाही. पेल्यात पाणी ओतायलासुद्धा नव्याने शिकावं लागतं.

त्या दिवसांत त्याला धर्माचे प्रश्न पडू लागले. एडी कँटर या ज्यू विनोदवीराशी त्याची जुनी ओळख होती. रब्बींशी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंशी, बोलणं झालं, पुस्तकं वाचली, आणि ज्यूंच्या इतिहासात त्याला आपल्याच लोकांची गोष्ट ऐकू आली. घाईने काही केलं नाही, वर्षं घेतली. लोक मात्र हसले. गोरे हसले, काळे रागावले, आणि काही ज्यूंनाही हा प्रसिद्धीचा डाव वाटला. पुढे गोल्फ खेळताना त्याला कुणी 'हँडिकॅप' किती असं विचारलं, तेव्हा "एक डोळा, काळा, आणि वर ज्यू" अशा थाटाचं उत्तर त्याने दिल्याचा किस्सा अजून सांगतात. मला तो विनोद कधी पूर्ण हसू देत नाही. दुसऱ्याने टोला हाणायच्या आत आपणच आपल्याला हाणून घ्यायचा, ही सवय मी वर्गातल्या काही मुलांत पाहिली आहे. मी तीस वर्षं ठाण्यात शाळेत शिकवत होते.

पण विनोद बाजूला ठेवा. १९५८ साली सॅम्युएल गोल्डविन हा मोठा निर्माता 'पोर्गी अँड बेस' हा चित्रपट काढत होता. सॅमीची त्यात भूमिका होती. योम किप्पूरच्या दिवशी चित्रीकरण ठरलं, आणि सॅमीने कळवलं, त्या दिवशी मी येणार नाही. गोल्डविन स्वतः वॉर्सात जन्मलेला ज्यू. त्याच चित्रपटाच्या सेटला त्या उन्हाळ्यात आग लागली होती, दिग्दर्शक बदलला होता, नटांशी वाद झाले होते. तो फोनवर काय म्हणाला ते सॅमीने आत्मचरित्रात लिहिलं आहे. मतितार्थ असा, की दिग्दर्शकाशी भांडता येतं, आगीशी भांडता येतं, पण ज्यू झालेल्या काळ्या माणसाशी कसं भांडायचं? आणि त्याने त्या दिवसाचं काम पुढे ढकललं.

योम किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, आमच्याकडचा सर्वांत मोठा उपास. 'आमच्याकडचा' म्हणाले, कारण मी बेने इस्रायल आहे, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, मूळ अलिबागकडची. माझी आजी 'योम किप्पूर' हा शब्द वापरतच नसे. ती म्हणायची दारफळणीचा सण. दारं लावून घ्यायची, पांढरं नेसायचं, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

आता तुमचीच यादी घेऊ.

ग्रीनबर्ग डेट्रॉइटचा. सप्टेंबर १९३४, तिथला टायगर्स हा बेसबॉल संघ बऱ्याच वर्षांनी अजिंक्यपदाच्या जवळ आलेला, आणि त्यांचा सर्वांत जोरकस फलंदाज म्हणजे हा सहा फूट चार इंचांचा ज्यू. हेन्री फोर्डने ज्या परिसरात आपल्या वर्तमानपत्रातून ज्यूंविरुद्ध वर्षानुवर्षं गरळ ओकली होती, त्याच परिसरातली ही गोष्ट. ज्यू नववर्षाच्या दिवशी तो मनाची चलबिचल होऊन शेवटी खेळला आणि दोन होम रन मारून संघाला २-१ असं जिंकून दिलं. नऊ दिवसांनी योम किप्पूर आला तेव्हा मात्र मैदानावर गेला नाही. सिनेगॉगमध्ये गेला. संघ हरला. तो सिनेगॉगमध्ये शिरला तेव्हा प्रार्थना थांबवून लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं त्याने पुढे सांगितलं. फार धार्मिक माणूस नव्हता तो. त्यामुळे ती टाळी मला जास्त कळते.

कूफॅक्सची गोष्ट ६ ऑक्टोबर १९६५ ची. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अजिंक्यपदाच्या मालिकेचा पहिला सामना, डॉजर्स संघाचा सर्वोत्तम पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, हा, आणि तारीख नेमकी योम किप्पूरची. तो आला नाही. त्याच्याऐवजी डॉन ड्राइसडेल उतरला. तोही थोर पिचर, पण त्या दिवशी तिसरा डाव संपायच्या आतच त्याच्यावर सात धावा झाल्या. प्रशिक्षक वॉल्टर ऑल्स्टन त्याच्याकडून चेंडू घ्यायला आला, तेव्हा ड्राइसडेल म्हणाला, मीही ज्यू असतो तर बरं झालं असतं असं आत्ता तुम्हाला वाटत असेल. डॉजर्स तो सामना ८-२ ने हरले. पण कूफॅक्सने सातव्या सामन्यात फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर प्रतिस्पर्धी मिनेसोटा संघाला एकही धाव दिली नाही आणि मालिका जिंकून दिली. ही गोष्ट अमेरिकेतल्या ज्यू घरांत आजही, आपल्याकडे पुराणकथा सांगतात तशी सांगतात.

म्हणजे चौघांपैकी तिघांची ख्याती एकाच गोष्टीसाठी: त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. त्या तिघांत सॅमी आहे. चौथा ऑरबॅक, तो वेगळ्याच कामासाठी प्रसिद्ध. या हिशेबाने गटाबाहेर कोण उरतो ते तुम्हीच पाहा. माझ्या नातवाने तेही उत्तर दिलं असतं तर तुम्ही त्याला बहुतेक शून्य दिलं असतं.

आणि इथे मला आमची कोकणातली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले, सात जोडपी वाचली, असं आम्ही ऐकत आलो. मग पिढ्यान्पिढ्या तेलाचे घाणे चालवले. भाषा मराठी, नेसणं मराठी, आडनावं पेणकर, चेऊलकर, रोहेकर. प्रार्थनेतलं बरंचसं विसरलेलं. पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावात नाव पडलं शनवार तेली. बाहेरून आलेल्या ज्यू माणसाने आम्हाला ओळखलं ते चेहऱ्यावरून नाही. शनिवारचा बंद घाणा, मुलांची सुंता आणि खवल्यांचेच मासे खाणं यांवरून, अशी आमच्यातली परंपरा आहे.

सॅमीने स्टुडिओतला घाणा बंद ठेवला. याहून सोपं मला सांगता येत नाही.

'तुम्ही ज्यू? पण तुम्ही तर मराठी बोलता!' हे मी आयुष्यभर ऐकलं. मुंबईत ऐकलं, आणि इथेही एका सिनेगॉगच्या दारात एका प्रेमळ आजींनी मला तीनदा विचारलं, "पण मुळात कुठल्या?" तो प्रश्न काही वेळा फक्त कुतूहलाचा असतो, काही वेळा नसतो. इस्रायलमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेने इस्रायलांच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असा धर्मपीठाचा हुकूम निघाला होता. आमचे लोक जेरुसलेमला रस्त्यावर बसले. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं ठरवलं, तेव्हा कुठे तो विषय हलला. मराठी बोलणाऱ्या ज्यूंना ज्यूंनीच विचारलं, तुम्ही गटात बसता का?

हे लिहिते आणि लगेच लाजही वाटते, कारण आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. आमच्यातच 'गोरे' आणि 'काळे' इस्रायल असे दोन भाग होते. ज्यांची आई जातीबाहेरची ते काळे. कातडीचा संबंध असेलच असं नाही, पण शब्द तोच. लग्नं होत नसत, पंगतीत भांडी वेगळी. माझी आजी एका घराचा उल्लेख करताना आवाज खाली आणून म्हणायची, "ते काळ्यांतले." मला ते घर आठवतं. त्यांच्या परसातल्या चिंचा आम्ही चोरायचो आणि ते काही बोलत नसत. आता ते सगळं इतिहासजमा झालं आहे. आजीचा तो खाली आणलेला आवाज तेवढा राहिला.

तर मूळ मुद्द्याकडे. तुमच्या कार्डावर सॅमीऐवजी रॉड करू हे नाव असतं तर उलटी गंमत झाली असती. करू पनामात जन्मलेला कृष्णवर्णीय बेसबॉलपटू, १९९१ साली हॉल ऑफ फेममध्ये गेलेला, कारकिर्दीत ३,०५३ हिट. अमेरिकेत अर्ध्या लोकांना विचारलंत तर ते शपथेवर सांगतील की तो धर्म बदलून ज्यू झाला. १९९० च्या दशकात टीव्हीवर गाजलेल्या एका विनोदी गाण्यात तसं म्हटलं आहे ना! प्रत्यक्षात त्याने धर्मांतर केलंच नाही. बायको ज्यू होती, मुली ज्यू म्हणून वाढवल्या, स्वतः गळ्यात हिब्रू अक्षरांचा ताईत घालून खेळला, पण धर्म घेतला नाही. ज्याने घेतला तो सॅमी तुमच्या यादीतून बाहेर, ज्याने घेतला नाही तो करू लोकांच्या यादीत आत.

आणि त्याच करूच्या घरी १९९५ मध्ये जे झालं ते कोणत्याही प्रश्नमंजूषेत बसणार नाही. धाकटी लेक रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडली. अस्थिमज्जा देणारा हवा होता. अस्थिमज्जा जुळायची तर पेशींवरच्या खुणा जुळाव्या लागतात, त्या खुणा पूर्वजांकडून येतात, आणि म्हणून जुळणारा माणूस बहुधा आपल्याच वंशाच्या गोतावळ्यात सापडतो. मुलीच्या आईकडे रशियन ज्यूंचा वारसा, वडिलांकडे पनामा आणि वेस्ट इंडीजचा. देशभरच्या नोंदवहीत जुळणारं कोणी मिळालं नाही. करू हा पत्रकारांशी फारसं न बोलणारा म्हणून प्रसिद्ध. तो कॅमेऱ्यांसमोर उभा राहिला आणि लोकांना नावं नोंदवा म्हणून विनवू लागला. हजारोंनी नोंदवली. शेवटी नाळेतल्या रक्ताचा प्रयोग करून पाहिला, पण एप्रिल १९९६ मध्ये मुलगी गेली. अठरा वर्षांची होती. त्या विनवणीमुळे नोंदवहीत आलेल्या नावांतून पुढे इतरांना दाते मिळाले.

मी हे सांगते, कारण 'दोन्ही असणं' ही काही गाण्यातली मौज नाही. कुठेतरी ते रक्तात उतरलेलं असतं आणि डॉक्टर विचारतो.

आता काळे आणि ज्यू यांच्यात सगळा भाऊबंदकीचा गोडवाच होता असं मी म्हणत नाही. दिवाळी अंकांत अमेरिकेवरचे लेख येतात त्यांत असा गोडवा पुष्कळ असतो. पहिला मोठा बोलपट १९२७ चा, त्याचीही पहिली रात्र ६ ऑक्टोबरचीच, योगायोग बघा. गोष्ट सिनेगॉगमध्ये गाणाऱ्या बापाची आणि रंगमंचाकडे ओढल्या गेलेल्या मुलाची, आणि तिचा पेच पुन्हा योम किप्पूरच्याच रात्री सुटतो. नायक अल जोलसन, लिथुआनियातून आलेला, रब्बीचा मुलगा. आणि हा ज्यू नायक अमेरिकन व्हायला काय करतो, तर तोंडाला काळं फासून गातो. ज्या चेहऱ्याच्या माणसांना त्या काळी कित्येक थिएटरांत वेगळ्या दाराने शिरावं लागे, तो चेहरा उसना घेऊन. त्या काळी असं पुष्कळ जण करत, हे खरं. तरी तो प्रसंग बघताना मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

बास्केटबॉलचंही तसंच गुंतागुंतीचं. तुमच्या मुलांना हे नक्की आवडेल. १९३० च्या सुमारास बास्केटबॉल हा ज्यूंचा खेळ समजत. फिलाडेल्फियाचा 'स्फाझ' नावाचा संघ होता, जर्सीवर हिब्रू अक्षरं. हॉटेलच्या नृत्यगृहात सामना, आणि सामना संपला की त्याच जमिनीवर नाच. त्यांचे तोलामोलाचे प्रतिस्पर्धी म्हणजे हार्लेमचे 'न्यूयॉर्क रेनेसाँ', सगळे कृष्णवर्णीय, १९३९ चे जागतिक व्यावसायिक विजेते. आणि तेव्हाचे क्रीडालेखक छापून लिहीत की ज्यूंना हा खेळ जमतो कारण त्यांचा मेंदू कावेबाज. पुढे काळे खेळाडू आले तेव्हा त्याच जातीचे लेखक लिहू लागले की त्यांना जमतो कारण उडी निसर्गतःच उंच. खरं कारण दोन्ही वेळा एकच होतं: दाटीच्या गरीब वस्तीत एक चेंडू आणि एक कडं पुरतं.

एब सॅपरस्टीन हा लंडनमध्ये जन्मलेला ठेंगणा ज्यू. त्याने शिकागोतल्या काळ्या मुलांचा संघ घेऊन 'हार्लेम ग्लोबट्रॉटर्स' उभा केला. हार्लेमशी संबंध नव्हता, नाव घेतलं ते संघ काळ्यांचा आहे हे पोस्टरवरून कळावं म्हणून. १९४८ मध्ये या 'विदूषकांनी' मिनियापोलिस लेकर्स या बलाढ्य गोऱ्या संघाला शेवटच्या क्षणी ६१-५९ असं हरवलं, आणि दोन वर्षांत एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची दारं काळ्यांना उघडली. सॅपरस्टीनने पोटाला दिलं, जग दाखवलं. खेळाडूंना हसवण्याच्या खेळात अडकवूनही ठेवलं, आणि पैशांवरून तक्रारी होत्याच. त्याला देव म्हणायचं की सावकार? माझं मत विचाराल तर दोन्ही, दिवसागणिक.

आणि तुमचा ऑरबॅक, तो ज्यू म्हणून यादीत टाकण्यापेक्षा मोठं काम करून गेला. ब्रुकलिनचा, सिगार ओढणारा, पंचांवर खेकसणारा. तो ज्या संघाचा प्रशिक्षक होता त्या बोस्टन सेल्टिक्सने १९५० मध्ये चक कूपरला घेतलं, एनबीएच्या निवडीत घेतलेला पहिला कृष्णवर्णीय. डिसेंबर १९६४ मध्ये ऑरबॅकने एका सामन्याला सुरुवातीचे पाचही खेळाडू काळे उतरवले, त्याआधी कोणी उतरवले नव्हते. १९६६ मध्ये आपली जागा बिल रसेलला दिली, लीगचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. या सगळ्यावर त्याने कधी भाषण ठोकलं नाही. जिंकायचं होतं, म्हणायचा.

बर्लिनची एक गोष्ट तेवढी सांगते, कारण तीत आपली अमरावती आहे. १९३६ च्या ऑलिंपिकला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे मल्ल आपले देशी खेळ दाखवायला बर्लिनला गेले होते. त्याच ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ४ × १०० मीटर रिलेतून मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर या दोघांना शर्यतीच्या तोंडावर काढलं. अमेरिकेच्या धावपटूंत ज्यू तेवढे दोघंच. त्यांच्या जागी जेसी ओवेन्स आणि राल्फ मेटकाफ. ओवेन्स बैठकीत म्हणाला, मला तीन सुवर्णपदकं मिळाली आहेत, मार्टी आणि सॅमला पळू द्या. प्रशिक्षकाने त्याला गप्प बसवलं. ओवेन्स पळाला, चौथं पदक जिंकला. ग्लिकमन पुढे न्यूयॉर्कचा नामवंत समालोचक झाला आणि म्हातारपणापर्यंत त्या दिवसाचं बोलत राहिला.

अकरा वर्षांनी, मे १९४७ मध्ये, पिट्सबर्गच्या मैदानावर दोन माणसं पहिल्या बेसवर आदळली. एक जॅकी रॉबिन्सन, मोठ्या लीगमध्ये येऊन जेमतेम महिना झालेला एकटा काळा खेळाडू. दुसरा आपला ग्रीनबर्ग, छत्तीस वर्षांचा, शेवटच्या हंगामातला. रॉबिन्सन चेंडू हलकेच ढकलून पळाला, फेक भलतीकडे गेली, ती अडवायला ग्रीनबर्ग आडवा झाला आणि टक्कर. त्या दिवसांत अशा टकरीवरून दंगल व्हायला वेळ लागला नसता. थोड्या वेळाने ग्रीनबर्ग स्वतः पहिल्या बेसवर पोचला. तिथे रॉबिन्सन उभा. ग्रीनबर्गने विचारलं, लागलं का रे? मग म्हणाला, तू चांगलं करतो आहेस, टिकून राहा. रॉबिन्सनने सामन्यानंतर पत्रकारांना ग्रीनबर्गच्या खानदानीपणाबद्दल सांगितलं. १९३४ मध्ये प्रेक्षकांतून येणाऱ्या शिव्या ज्याने ऐकल्या होत्या, त्याला १९४७ च्या शिव्या ओळखीच्या वाटल्या असणार. रॉबिन्सनला सोसावं लागलं ते आपल्यापेक्षा फार जास्त होतं, हे तो कबूल करत असे.

हल्लीची नावं घेत बसत नाही, ती मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. कृष्णवर्णीय वडील आणि ज्यू आई असलेले गायक आणि नट आहेत, बास्केटबॉलचा अमारे स्टाउडमायर २०२० मध्ये रीतसर ज्यू झाला, आणि स्वतःच 'गोल्डबर्ग' आडनाव लावणाऱ्या व्हूपी गोल्डबर्गला २०२२ मध्ये ज्यूंच्या संहाराचा वंशाशी संबंध नाही असं बोलल्यामुळे दोन आठवडे कार्यक्रमातून बाहेर बसावं लागलं. वंश म्हणजे कातडीचा रंग, एवढंच अमेरिकेने तिला शिकवलं होतं. तुमच्या कार्डाचीही नेमकी तीच चूक. तिने माफी मागितली होती, हे जाता जाता नमूद करते.

सॅमी १६ मे १९९० ला गेला. दोन दिवसांनी लास व्हेगसच्या मुख्य रस्त्यावरचे दिवे त्याच्यासाठी दहा मिनिटं मालवले. ज्या हॉटेलांत त्याला खोली नव्हती तीही हॉटेलं त्यात होती.

तेव्हा मागणी एवढीच. निकालपत्रक दुरुस्त करा, सिंहगडला अर्धा गुण वाढवा, आणि मंडळाच्या फलकावर लावा. पुढच्या वर्षी 'गटात न बसणारं' हा प्रकार माणसांच्या नावांना लावू नका. फळांना लावा, नद्यांना लावा, गडांना लावा, हवं तर माझं आडनाव सोडून सगळ्या आडनावांना लावा. माणसांवर प्रश्न हवेच असतील तर मी वीस काढून देते, उत्तरांसकट. मानधन नको.

नातवाला या पत्राचं सांगितलेलं नाही. त्या दिवशी गाडीत तो काही बोलला नाही, फक्त घरी आल्यावर आईला विचारलं की आपल्याकडे 'अर्धा' म्हणजे नक्की काय. त्याचे वडील कोल्हापूरचे मराठा, आई माझी लेक. आमच्या घरात तो शब्द आम्ही दुधाच्या लिटरसाठीच वापरतो.

मी १४ तारखेपर्यंत इथे आहे. दारफळणीच्या दिवशी फोन करू नका, उचलणार नाही.

आपली,
सिंहगड संघातल्या एका मुलाची आजी
(मुक्काम सध्या न्यू जर्सी, कायमचा ठाणे)